कसब्याचे उसने मत : २०२३ ची पोटनिवडणूक आणि त्यानंतरचे एकवीस महिने

पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघातील तीन निवडणुकांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले, तर चर्चेत सहसा न येणारी एक गोष्ट दिसते. २०१९ मध्ये भाजपच्या मुक्ता टिळक यांना ७५ हजारांवर मते मिळाली आणि काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७ हजारांवर थांबले. मार्च २०२३ च्या पोटनिवडणूक निकालात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर ७३ हजारांवर गेले, भाजपचे हेमंत रासने ६२ हजारांवर राहिले आणि सुमारे ११ हजारांच्या फरकाने भाजपची जागा गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी रासने यांनी ९० हजारांचा टप्पा ओलांडला आणि धंगेकर ७० हजारांच्या पुढे जाऊनही १९ हजारांनी हरले. म्हणजे दोन निवडणुकांच्या दरम्यान धंगेकरांची मते जेमतेम अडीच-तीन हजारांनी घटली, भाजपची मात्र साडेसत्तावीस हजारांच्या आसपास वाढली. पहिल्या वेळी किल्ला पडला असे सगळ्यांनी लिहिले, दुसऱ्या वेळी तो परत मिळाला असे लिहिले; किल्ल्यातली माणसे मधल्या काळात कुठे होती, हे फारसे कोणी विचारले नाही.

प्रस्तुत अभ्यासाची सुरुवात त्या प्रश्नापासून आहे. प्रतिकूल भागात एखादा पक्ष जिंकतो तेव्हा त्याच्या पेटीत पडलेले प्रत्येक मत त्याचे नसते. त्यात काही हक्काचे असते, काही उसने घेतलेले असते, आणि ज्या मतामुळे निकाल खऱ्या अर्थाने फिरतो ते पुष्कळदा पेटीत पडतच नाही, कारण तो मतदार त्या दिवशी घराबाहेर पडलेला नसतो. कसब्यात काँग्रेसने काय केले, भाजपचे काय चुकले आणि पुढे भाजपने ते कसे दुरुस्त केले, हे पाहताना या तीन मतांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो.

बालेकिल्ल्याची पहिली ओळख

कसबा हा भाजपचा पिढीजात गड आहे, हे वाक्य पुण्यात इतक्यांदा म्हटले जाते की त्याचा इतिहास तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. संघाचे कार्यालय मोतीबाग शनिवार पेठेत, टिळकांचा केसरीवाडा नारायण पेठेत, आणि काँग्रेस भवन मात्र नदी ओलांडून शिवाजीनगरात. नकाशाच पुरेसा बोलका वाटतो. प्रत्यक्षात १९८५ मध्ये ही जागा काँग्रेसचे उल्हास काळोखे यांनी जिंकली होती. १९९१ मध्ये भाजपचे आमदार अण्णा जोशी लोकसभेवर गेल्याने झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात यांनी गिरीश बापट यांना हरवले होते. त्यानंतर १९९५ पासून बापट सलग पाच वेळा निवडून आले आणि २०१९ मध्ये ते खासदार झाल्यावर मुक्ता टिळक आमदार झाल्या. अठ्ठावीस वर्षांची ही सलगता खरी आहे, परंतु ती पक्षाइतकीच बापटांची होती.

२००९ चा निकाल तर मुद्दाम वाचण्यासारखा आहे. बापट यांना त्या वेळी सुमारे ५५ हजार मते होती. मनसेचे उमेदवार म्हणून उभे असलेले धंगेकर जवळपास ४७ हजारांवर होते आणि काँग्रेसचे रोहित टिळकही जवळपास तितक्याच मतांवर. दोन पराभूत उमेदवारांची बेरीज विजेत्याच्या दीडपटीहून अधिक भरते. मनसेची सगळी मते काँग्रेसला गेली असती असे मी म्हणणार नाही, तशी ती कधी जात नाहीत. पण भाजपला ज्याचे मत नाही असा मतदार या पेठांत मोठ्या संख्येने राहतो आणि तो केवळ विखुरलेला आहे, एवढे या आकड्यांतून कळत होते. सदाशिव, नारायण आणि शनिवार या पश्चिमेकडील पेठांवरून संपूर्ण मतदारसंघाचा स्वभाव ठरवण्याची सवय असल्यामुळे पूर्वेकडील गंज, घोरपडे, सोमवार, रास्ता या पेठांतील दलित, मुस्लिम, बहुजन कष्टकरी आणि व्यापारी वस्ती चर्चेतून गळत असे. प्रतिकूल म्हटल्या जाणाऱ्या मतदारसंघात अनुकूल वस्ती किती आहे, हे पक्षाने आधी मोजायचे असते. काँग्रेसने ते काम वर्षानुवर्षे केले नाही. ते २०२३ मध्ये परिस्थितीने करून दिले.

उमेदवार

२२ डिसेंबर २०२२ रोजी मुक्ता टिळक यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये, गंभीर आजारी असतानाही, त्या राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानासाठी पुण्याहून मुंबईला गेल्या होत्या, आणि पेठांतल्या लोकांच्या ते डोळ्यांपुढे होते. चिंचवडचे भाजप आमदार लक्ष्मण जगताप यांनीही आजारपणात तोच प्रवास केला होता आणि त्यांचेही काही दिवसांतच निधन झाले. दोन्ही जागांची पोटनिवडणूक एकाच दिवशी, २६ फेब्रुवारी २०२३ रोजी लागली. भाजपने चिंचवडमध्ये जगताप यांच्या पत्नी अश्विनी यांना उमेदवारी दिली. कसब्यात टिळक कुटुंबाला डावलून महापालिकेच्या स्थायी समितीचे माजी अध्यक्ष हेमंत रासने यांना दिली. २०१९ मध्ये कोथरूडच्या विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांची उमेदवारी कापून चंद्रकांत पाटील यांना उभे केले होते, ती आठवण अजून बुजली नव्हती. पेठांत निनावी फलक लागले आणि त्यांचा रोख ब्राह्मण मतदाराला गृहीत धरल्याच्या तक्रारीकडे होता.

ही नाराजी काँग्रेसकडे वळली, असे सरसकट सांगितले जाते. मला ते तसे वाटत नाही. ब्राह्मण समाजाच्या अस्मितेची बाजू घेऊन हिंदू महासंघाचे आनंद दवे अपक्ष उभे राहिले होते आणि त्यांना तीन आकडी मतेच पडली. नाराज मतदाराला पर्यायी उमेदवार नको होता, त्याला आपल्याच पक्षाला चिमटा काढायचा होता. असा मतदार बहुधा दुसऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवत नाही. रविवार होता, सुट्टी होती, आणि एकूण मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपासच राहिले. भाजपला पश्चिम पेठांतून नेहमीचे मताधिक्य मिळाले नाही, यातला मोठा भाग या घरी बसलेल्या मतदाराचा आहे.

धंगेकरांची गोष्ट वेगळी. शिवसेनेतून मनसेत, मनसेतून काँग्रेसच्या जवळ असा त्यांचा प्रवास; २०१७ च्या महापालिका निवडणुकीत भाजपची शहरभर लाट असताना त्यांनी काँग्रेसच्या पाठिंब्याने अपक्ष उभे राहून भाजपचे गणेश बिडकर यांना हरवले होते. मनसेकडून त्यांनी कसबा विधानसभा २००९ आणि २०१४ अशी दोनदा लढवली होती. म्हणजे काँग्रेसचा उमेदवार मतदारसंघात काँग्रेसपेक्षा जुना होता. ज्या घरात पंजाला दार उघडले जात नाही, तिथे ‘आपला रवी’ चहाला बसू शकत होता. पक्षांतराची यादी एरवी उमेदवाराच्या विरोधात वापरली जाते. इथे तीच त्याच्या उपयोगी पडली, कारण शिवसैनिक आणि मनसैनिक यांना तो परका वाटला नाही. भाजपच्या मतदारातला जो भाग वैयक्तिक ओळखीवर मत देतो, त्यालाही आपण काँग्रेसला मत देतो आहोत असे स्वतःशी कबूल करावे लागले नाही. उसने मत मिळते ते या वाटेने.

त्यात चंद्रकांत पाटील यांच्या ‘हू इज धंगेकर?’ या प्रश्नाने भर घातली. ज्याला अर्धी पेठ नावाने हाक मारते त्याच्याविषयी नदीपलीकडच्या आमदाराने हे विचारणे, याची पेठांत जी व्हायची तीच प्रतिक्रिया झाली. निकालानंतर त्याला उत्तर देणारे फलक लागले आणि ते फलक उमेदवारापेक्षाही पेठेच्या मानापमानाविषयी होते.

एकजूट

या निवडणुकीच्या ताळेबंदातली सर्वांत मोठी रक्कम मात्र उसन्या मताची नाही. २०१९ मध्ये काँग्रेसची ४७ हजार मते आणि शिवसेनेचे बंडखोर विशाल धनवडे यांची सुमारे १४ हजार मते यांची बेरीज ६१ हजारांवर जाते. त्यात मनसेची आठ हजारांवर मते धरली, तर आकडा ७० हजारांच्या उंबरठ्यावर पोहोचतो. २०२३ मध्ये धंगेकरांना ७३ हजार मिळाली. म्हणजे त्यांच्या मतांचा मोठा हिस्सा आधीपासून याच मतदारसंघात पडून होता, फक्त तो एका पेटीत आला. काँग्रेसमधील बंडखोर उमेदवाराने अर्ज मागे घेतला, ठाकरेंची शिवसेना आणि राष्ट्रवादी मनापासून कामाला लागली. १७ फेब्रुवारीला, म्हणजे मतदानाच्या नऊ दिवस आधी, निवडणूक आयोगाने शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिल्यावर जुन्या शिवसैनिकाला कामाचे आणखी एक कारण मिळाले.

हे किती निर्णायक होते, याचा पुरावा मतदानाच्याच दिवशी नदीपलीकडे तयार होत होता. चिंचवडमध्ये राष्ट्रवादीचे नाना काटे यांच्याविरुद्ध बंड करून अपक्ष उभे राहिलेले राहुल कलाटे यांनी ४४ हजारांवर मते घेतली आणि अश्विनी जगताप सुमारे ३६ हजारांनी जिंकल्या. आघाडी तीच, तारीख तीच, राज्यातले वातावरण तेच. एका जागी अर्ज मागे घेतला गेला, दुसऱ्या जागी घेतला गेला नाही.

वाडा आणि बिल

भाजपने शेवटच्या टप्प्यात हिंदुत्वाचा सूर वाढवला, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री पेठांत फिरले, आजारी गिरीश बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून केसरीवाड्यातील मेळाव्याला आले. बापटांचे ते दृश्य भाजपच्या कार्यकर्त्याला हलवून गेले असेल. तटस्थ मतदाराला मात्र त्यातून पक्षाची घाबरगुंडी दिसली. काँग्रेसने या सुराला सूर दिला नाही, आणि हा निर्णय मला त्या संपूर्ण प्रचारातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. प्रतिकूल वस्तीत जाऊन तिथल्या श्रद्धेशी वाद घालणारा पक्ष आपल्याच हाताने दार लावून घेतो.

त्याऐवजी बोलले गेले ते घराविषयी. पेठेतला भाडेकरूंनी भरलेला जुना वाडा ज्याने आतून पाहिला आहे त्याला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. दिंडी दरवाज्यातून आत गेले की डाव्या हाताला विजेच्या मीटरची रांग, मधल्या चौकात एक सामाईक नळ, वर जाणारा लाकडी जिना इतका उभा की म्हाताऱ्या माणसाला धरून चढायला मधोमध दोर बांधलेला, आणि पावसाळ्याआधी महापालिकेने धोकादायक म्हणून भिंतीवर लावलेली नोटीस. मालक आणि भाडेकरू दोघांनाही वाडा पाडून इमारत हवी असते. परंतु शनिवारवाडा केंद्राचे संरक्षित स्मारक असल्याने त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. त्या टापूबाहेरही अरुंद भूखंडावर बाजूची मोकळी जागा सोडण्याच्या नियमात इतकी जमीन जाते की बांधायला उरते ते विकसकाला परवडत नाही. अठ्ठावीस वर्षे एकाच पक्षाचा आमदार, २०१७ पासून पाच वर्षे महापालिका त्याच पक्षाकडे, तरी दोर तिथेच, असे कोणीही म्हणू शकत होते. मार्च २०२२ नंतर महापालिकेवर प्रशासक होता. तक्रार घेऊन जायला अधिकृत नगरसेवकच उरला नव्हता. अशा वेळी स्कूटरवरून फिरणारा माजी नगरसेवक फोन उचलतो, याला निवडणुकीत भाव येतो.

दुसरा विषय मिळकतकराचा. स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत ही पुणेकरांची जुनी सोय होती; लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर ती काढून घेतली गेली आणि अनेकांच्या हाती फरकाची बिले पडली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईप्रमाणे करमाफी द्यावी, ही मागणीही काँग्रेसने लावून धरली. पेठेतल्या निवृत्त माणसाला राज्यातल्या सत्तासंघर्षावर मत असतेच, पण बिल त्याच्या खिशातून जाते. सदाशिव पेठेत काँग्रेसचा कार्यकर्ता कोणत्या विषयावर तोंड उघडू शकतो, याचे उत्तर या बिलाने दिले.

मतदानाच्या दिवशीची यादी

प्रचाराविषयी पुष्कळ लिहिले जाते, बूथबाहेरच्या टेबलाविषयी कमी. मतदान केंद्रापासून नियमाने ठरलेल्या अंतरावर पक्षाचे टेबल असते, त्यावर त्या भागाची मतदारयादी, स्लिपांचे गठ्ठे आणि दोन-तीन पोरे. मतदार येऊन नाव सांगतो, स्लिप घेतो, यादीत त्याच्या नावासमोर खूण होते. दुपारी दोननंतर हीच यादी उलट्या बाजूने वाचायची असते: कोणाच्या नावासमोर खूण नाही, त्यातला आपला कोण, आणि त्याला आणायला कोण जातो. मध्य पुण्यातली मेख अशी की यादीतली पुष्कळ नावे आता पेठेत राहत नाहीत. मुलांनी कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, धायरीला फ्लॅट घेतले. नाव मात्र आजोबांच्या पत्त्यावर. हा स्थलांतरित मतदार प्रामुख्याने पश्चिम पेठांतला, म्हणजे बहुतांशी भाजपचा. त्याला रविवारी दुपारी गाडी काढून पेठेत यायला लावण्यासाठी ओढ लागते, आणि त्या वर्षी नेमकी तीच नव्हती. पूर्वेकडच्या दाट वस्तीतला मतदार केंद्रापासून चार बोळ अंतरावर राहतो. दोन्ही बाजूंच्या यंत्रणा सारख्या तयारीच्या असत्या, तरी हा फरक राहिला असता.

विजयानंतर

पोटनिवडणुकीत सरकार बदलत नाही, त्यामुळे मतदाराला शिक्षा करणे स्वस्त पडते. १९९१ मध्ये वसंत थोरात जिंकले आणि १९९५ मध्ये बापट आले, हा धडा काँग्रेसच्या घरातच उपलब्ध होता. उसने मत टिकवायचे असेल तर मिळालेल्या अवधीत त्या घरात पुन्हा जावे लागते, आणि पक्षाची म्हणून यंत्रणा उभी करावी लागते.

झाले ते निराळे. धंगेकर शहराचे नेते झाले. ससून रुग्णालयाशी जोडलेले अमली पदार्थांचे प्रकरण, मे २०२४ मधला कल्याणीनगरचा पोर्शे अपघात, या प्रत्येक वेळी ते रस्त्यावर होते, आणि आमदार म्हणून त्यांनी प्रश्न लावून धरले हे खरेच. पण कल्याणीनगर कसब्यात नाही. २०२४ च्या लोकसभेला पक्षाने त्यांनाच पुण्यातून उभे केले. मुरलीधर मोहोळ यांनी त्यांचा १ लाख २३ हजार मतांनी पराभव केला, आणि धंगेकर स्वतःच्या कसब्यातही सुमारे १४ हजारांनी मागे पडले. निवडून येऊन सव्वा वर्षच झालेल्या आमदाराला दुसऱ्या निवडणुकीत उतरवून काँग्रेसने आपली एकमेव पायाभरणी मोडली, असे माझे मत आहे; उमेदवारांचा दुष्काळ असलेल्या पक्षाला दुसरा मार्ग दिसला नसेल, हेही तितकेच खरे.

भाजपने मात्र पराभवाचे कारण शोधून एकेक खिळा काढला. मिळकतकरातली ४० टक्के सवलत निकालानंतर काही आठवड्यांतच राज्य सरकारने पुन्हा दिली. काँग्रेसच्या हातातला विषय त्याच्याच विजयाने संपला. जुलै २०२३ मध्ये कसब्यातलेच धीरज घाटे शहराध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मेधा कुलकर्णी यांना राज्यसभेची उमेदवारी मिळाली आणि चार-पाच वर्षांची एक तक्रार निकालात निघाली. हरलेल्या उमेदवाराला बाजूला न सारता रासने यांनाच मतदारसंघात फिरत ठेवले. त्यात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये सुरू झाले, ज्यांचा परिणाम पूर्व पेठांतल्या घरांतही पोहोचला असावा. आणि या वेळी राज्याचे सरकार पणाला लागले होते. मतदान साठ टक्क्यांच्या जवळ गेले. घरी बसलेला मतदार, धायरीचा आणि कोथरूडचाही, परत आला.

दरम्यान विरोधी बाजूची एकजूट सैल झाली होती. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटून अजित पवार सरकारमध्ये गेले. २०२३ च्या प्रचारात धंगेकरांसाठी मते मागणारी काही माणसे २०२४ मध्ये समोरच्या टेबलावर बसली. काँग्रेसच्या माजी महापौर कमल व्यवहारे यांनी अपक्ष अर्ज ठेवला. त्यांना काही शेच मते पडली, त्यामुळे निकालाचे खापर त्यांच्यावर फोडता येत नाही, परंतु घर एक नाही हे दिसायचे ते दिसले. एवढे सगळे होऊनही धंगेकरांना ७० हजारांवर मते मिळाली, ही गोष्ट काँग्रेसच्या पराभवाच्या चर्चेत हरवली. उसनी मते वजा झाली असतील, त्यांच्या जागी काही नवी आली असतील, पण भाजपविरोधी मताचा मूळ साठा २००९ पासून जिथे होता तिथेच आहे.

मार्च २०२५ मध्ये धंगेकरांनी काँग्रेस सोडली आणि ते एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. अशा निवडणुकीत खुणा केलेली मतदारयादी पक्षाच्या कार्यालयात सहसा जमा होत नाही. कोणत्या वाड्यात कोण नाराज, कोणाचे नाव यादीत पण माणूस धायरीला, कोणी मागच्या वेळी पहिल्यांदा पंजाचे बटण दाबले, ही माहिती त्या पोरांच्या डोक्यात आणि त्यांच्या घरातल्या गठ्ठ्यांत राहते, आणि ती पोरे उमेदवाराची असतात. काँग्रेसला कसब्यात पुन्हा उभे राहायचे असेल तर काम कोऱ्या यादीपासून आहे, आणि ते सोमवार पेठेतून सुरू करायचे की सदाशिव पेठेतून, हे पक्षाने अजून ठरवायचे आहे.